पिशवी कापडाची की प्लॅस्टिकची? कस्टमच्या नजरेतून नॉनवोव्हन

दुकानात शर्ट घेतला की ज्या पिशवीत घालून देतात ती पिशवी एकदा नीट बघा. लाल नाहीतर निळी, हाताला जराशी खरखरीत, उजेडात धरली तर बारीक ठिपक्यांची नक्षी दिसते. आपण तिला कापडी पिशवी म्हणतो. दुकानदारही ठणकावून सांगतो, "कापडी आहे, प्लॅस्टिक नाही." आता तिचा कोपरा कात्रीने कापा. उभा धागा नाही, आडवा धागा नाही, कड उसवत नाही. तुकडा काडीने पेटवलात तर सुती चिंधीसारखी राख होत नाही. तो आकसतो, वितळतो आणि टोकाला कडक गुठळी धरतो. कारण तो पॉलीप्रॉपिलीन आहे. स्वयंपाकघरातले डबे ज्याचे होतात, तेच.

२३ मार्च २०१८ ला महाराष्ट्राने प्लॅस्टिकबंदीची अधिसूचना काढली, तेव्हा बंदीच्या यादीत नॉनवोव्हन, म्हणजे न विणलेल्या, पॉलीप्रॉपिलीन पिशव्यांचंही नाव होतं. पुष्कळ लोक चक्रावले: कापडी पिशवीवर बंदी कशी? त्याच वर्षी ३१ डिसेंबरला केंद्राच्या अप्रत्यक्ष कर मंडळाने परिपत्रक काढून सांगितलं की या पिशव्या ३९२३ या शीर्षकात, म्हणजे प्लॅस्टिकच्या वस्तूंत मोडतात आणि त्यांवर १८ टक्के जीएसटी लागतो. इथपर्यंत ठीक. पण ज्या रोलमधून ही पिशवी कापली तो रोल परदेशातून न्हावा शेवा बंदरात उतरला, तर कस्टमच्या पुस्तकात तो ५६०३ मध्ये जातो. आणि ५६वं प्रकरण कापडाच्या विभागात आहे.

म्हणजे रोल कापड आणि पिशवी प्लॅस्टिक! मी क्लिअरिंगच्या धंद्यात आहे, म्हणजे आयातदारांचा माल कस्टममधून सोडवून देतो. नवा आयातदार पहिल्यांदा ऑफिसात येतो तेव्हा त्याला हे समजावताना अर्धा तास जातो. तोच अर्धा तास इथे कागदावर उतरवतोय.

आठ आकडी पत्ता

दुकानाच्या जीएसटी बिलावर बऱ्याचदा मालाच्या नावापुढे एचएसएन म्हणून एक आकडा असतो. हा मालाचा पिनकोड समजा. ब्रुसेल्सच्या जागतिक सीमाशुल्क संघटनेने जगातल्या यच्चयावत वस्तूंची एक यादी केली, ती १ जानेवारी १९८८ पासून लागू झाली. यादीत २१ विभाग आणि ९७ प्रकरणं. त्यातलं ७७वं प्रकरण पुढे लागेल म्हणून रिकामं ठेवलंय, हे मला नेहमी गमतीचं वाटतं. घर बांधताना एक खोली बंदच ठेवावी तसं.

आकडे डावीकडून वाचायचे. पहिले दोन म्हणजे प्रकरण, चार झाले की शीर्षक, सहा झाले की उपशीर्षक. सहा आकड्यांपर्यंत सगळ्या जगाचं एकमत असतं. शेवटचे दोन प्रत्येक देश आपापल्या सोयीने लावतो. आपल्याकडे एकूण आठ होतात. पिनकोडचंही असंच. ४१६११५ म्हटलं की टपालखात्याला इचलकरंजी कळते, पण त्यातल्या पहिल्या ४ मध्ये महाराष्ट्राबरोबर गोवा, मध्य प्रदेश आणि छत्तीसगडही बसतात. पणजीचा पिन ४ ने सुरू होतो म्हणून पणजी काही महाराष्ट्रात येत नाही. (हा पिनकोड १९७२ मध्ये देशाला देणारे श्रीराम भिकाजी वेलणकर मराठी, आणि संस्कृतचे कवी. यादी करायला कवीच लागतो की काय कोण जाणे.)

माल कुठल्या आकड्यात बसतो हे ठरवण्याला वर्गीकरण म्हणतात. हा लेख एवढ्या एका शब्दावर चालणार आहे.

वर्गीकरणाचे सहा नियम आहेत, पण रोजच्या कामात नव्वद टक्के भांडणं पहिल्याच नियमावर मिटतात. तो म्हणतो: विभागाचं आणि प्रकरणाचं मोठ्या अक्षरातलं नाव फक्त सोयीसाठी आहे, कायदा आहे तो शीर्षकाच्या मजकुरात आणि प्रकरणाच्या सुरुवातीला दिलेल्या टिपांत. नवशिका माणूस नेमका या टिपा ओलांडून थेट आकड्यांच्या तक्त्यावर जातो. करारातली बारीक अक्षरं न वाचता सही करावी तसं.

विणलेलं नाही, मग आहे तरी काय?

मागावर कापड होतं म्हणजे उभा ताणा आणि आडवा बाणा एकमेकांत गुंततात. टी-शर्टचं होजिअरीचं कापड स्वेटरसारखं टाक्याटाक्याने विणतात. नॉनवोव्हनमध्ये यातलं काहीच नसतं. तंतू नुसते पसरतात आणि कुठल्यातरी उपायाने एकमेकांना धरून ठेवतात.

जत्रेत म्हातारीचे केस करणारा बघितलाय ना? साखर वितळते, फिरत्या भांड्याच्या छिद्रांतून तारा उडतात, तो काडीवर गोळा करतो. आपल्या पिशवीचा रोल जवळपास असाच होतो. प्लॅस्टिकचे दाणे वितळवून बारीक छिद्रांतून दाबतात, निघालेल्या तारा हवेच्या झोताने ताणतात आणि सरकत्या पट्ट्यावर वेड्यावाकड्या पडू देतात. मग ही जाळी दोन तापलेल्या रुळांतून जाते. एका रुळावर बारीक उंचवटे असतात. जिथे उंचवटा टेकतो तिथे तारा वितळून चिकटतात. पिशवीवरची ती ठिपक्यांची नक्षी म्हणजे शोभा नव्हे, डाग दिलेले सांधे आहेत. या प्रकाराला स्पनबॉन्ड म्हणतात.

आणखीही रीती आहेत. आखूड तंतूंच्या थरावर पाण्याचे जोरदार फवारे मारून ते गुंतवले की स्पनलेस. चेहरा पुसायचे वाइप्स याचे. काटेरी सुया हजारो वेळा खालीवर घालून तंतू एकमेकांत ओढले की नीडलपंच. गाडीच्या डिकीतलं अस्तर बऱ्याचदा याचं. इचलकरंजीच्या डीकेटीई संस्थेत तर केवळ नॉनवोव्हनसाठी वेगळं केंद्र आहे. ज्या गावाची ओळख यंत्रमागाच्या खडखडाटाने होते, तिथे माग नसलेल्या कापडाचा अभ्यास चालतो.

मग प्लॅस्टिकच्या दाण्यांपासून झालेली ही वस्तू कापडात का धरतात? कारण यादी कच्च्या मालावर थांबत नाही, त्याचं रूप काय झालं हेही बघते. पॉलिस्टरची साडीही अशाच दाण्यांतून येते. तिला कोणी प्लॅस्टिकची साडी म्हणत नाही. प्लॅस्टिकची तार झाली, तंतू झाला, की ती कापडाच्या विभागात शिरते. सीमा आखायला आकडाही दिलाय: एकेरी जाड तार एक मिलीमीटरपर्यंत आणि चपटी पट्टी पाच मिलीमीटर रुंदीपर्यंत असेल तर कापडाच्या बाजूला, त्याहून मोठी असेल तर ३९व्या प्रकरणात, प्लॅस्टिकमध्ये. खताची, सिमेंटची विणलेली पोती वर्षानुवर्षं कोर्टाच्या पायऱ्या झिजवत राहिली, त्यामागे असल्याच सीमा होत्या. शेवटी जीएसटी परिषदेने १ जानेवारी २०२० पासून माल भरायच्या असल्या पिशव्या आणि पोत्यांना, ती ३९२३ मध्ये धरा की ६३०५ मध्ये, सरसकट १८ टक्के लावले. वाद सुटला नाही. वाद घालण्यात फायदा उरला नाही.

नमदा की नॉनवोव्हन?

५६०३ च्या शेजारी ५६०२ आहे: नमदा, म्हणजे फेल्ट. इथे पहिली ठेच लागते. आखूड तंतूंचा थर केवळ सुयांनी पक्का केला असेल तर तो नमदा धरतात. पण तंतू अखंड तारांचे असतील, किंवा पक्केपणा मुख्यतः उष्णतेने वा चिकट द्रव्याने आला असून सुया जोडीला असतील, तर ५६०३. दोन्ही तुकडे टेबलावर शेजारी ठेवले तर घरातलं माणूस सोडा, कापडवालाही फसेल.

याहून मजेदार प्रकार म्हणजे टाके घातलेला थर. टाका जर त्या थरातल्याच तंतूंचा असेल तर माल नमदा. टाका घालायला बाहेरून वेगळं सूत घेतलं असेल तर माल थेट ६०व्या प्रकरणात, म्हणजे होजिअरीच्या कापडात. हा फरक पैशाचा ठरू शकतो. २०२५ च्या अर्थसंकल्पात ६०व्या प्रकरणातल्या नऊ नोंदींवर "२० टक्के किंवा किलोला ११५ रुपये, यांतलं जे जास्त असेल ते" असं शुल्क बसलं. स्वस्त मालाला किलोवारी शुल्क फार जड जातं. तेव्हा सूत आतलं की बाहेरचं, हे भिंगातून बघण्याला एकदम किंमत येते.

भाकरीला लोणी, मिरचीला पीठ

आता खरा गुंता. नॉनवोव्हनवर बऱ्याचदा प्लॅस्टिकचा पातळ थर चढवलेला असतो. पाणी झिरपू नये म्हणून. हॉस्पिटलमधल्या एकदा वापरून टाकायच्या चादरी घ्या: अंगाला लागणारी बाजू मऊ, खालची बाजू चकचकीत. मग हे कापड की प्लॅस्टिक?

५६व्या प्रकरणाची तिसरी टीप याचं उत्तर देते. तिचं सार स्वयंपाकघरात सांगतो. भाकरीला लोणी लावलं तरी ती भाकरीच. पण मिरची पिठात पूर्ण बुडवून तळली की ती भजी. ताटात तिला मिरची म्हणून कोणी वाढत नाही. तसंच, नॉनवोव्हनच्या एका बाजूवर प्लॅस्टिक आहे तोवर ते ५६०३ मध्येच राहतं. प्लॅस्टिकमध्ये ते पूर्ण गाडलं गेलं, किंवा दोन्ही बाजू संपूर्ण मढवल्या आणि तो थर नुसत्या डोळ्यांनी दिसतो, तर ते ३९व्या प्रकरणात गेलं. रबर असेल तर ४०व्यात. केवळ रंग बदलला म्हणजे थर दिसला, असं धरायचं नाही.

तिसरी शक्यताही आहे: स्पंजासारख्या प्लॅस्टिकच्या पत्र्याला नॉनवोव्हन नुसतं आधारासाठी चिकटवलं असेल, तर मुख्य वस्तू तो स्पंज. तेही ३९व्यात.

लोक विचारतात, नुसत्या डोळ्यांनी म्हणजे? भिंग का नाही, यंत्र का नाही? मला ही कसोटी फार शहाणपणाची वाटते. गोदीत उभ्या असलेल्या अधिकाऱ्याला, माझ्यासारख्या दलालाला आणि आयातदाराला, तिघांनाही ती सारखीच करता येते. अर्थात डोळे तिघांचे वेगळे असतात, ही गोष्ट वेगळी.

आता एका कंटेनरची हकिगत. माल असाच: पन्नास जीएसएमचं (चौरस मीटरला पन्नास ग्रॅम भरणारं) पांढरं स्पनबॉन्ड, एका बाजूला पातळ फिल्म, भिवंडीच्या गोदामात जाऊन त्याच्या चादरी कापायच्या होत्या. पाठवणाऱ्याने इन्व्हॉइसवर लिहिलं "पीई कोटेड पीपी फॅब्रिक", म्हणजे पॉलीइथिलीनचा लेप दिलेलं पॉलीप्रॉपिलीन कापड. आम्ही बिल ऑफ एंट्रीत, म्हणजे आयातीच्या वेळी कस्टमला द्यायच्या कागदात, ५६०३ टाकलं. ऑक्टोबर २०२० पासून तपासणीची फेसलेस पद्धत देशभर झाली आहे; माल उरणच्या बाजूला पडलेला आणि कागद बघणारा अधिकारी दुसऱ्याच बंदराच्या शहरात. तिकडून शंका आली: फॅब्रिक कोटेड आहे म्हणता, तर ५९०३ का नाही?

शंका वावगी नव्हती. ५९०३ चा मजकूरच आहे "प्लॅस्टिकचा लेप दिलेलं कापड". सोफ्याचं रेक्झिन तिथे जातं. पण ५९व्या प्रकरणाची पहिलीच टीप सांगते की या प्रकरणापुरतं "कापड" म्हणजे मागावर विणलेलं, होजिअरीचं, वेणीसारखं गुंफलेलं, एवढंच. नॉनवोव्हनचं नाव तिथे नाही. म्हणजे शब्द तोच, पण या घरात त्याचा अर्थ आखूड. आणि ५६०३ च्या मजकुरातच "लेप दिलेलं असो वा नसो" असे शब्द आहेत. आम्ही दोन्ही टिपा उतरवून उत्तर पाठवलं.

दोन दिवसांनी दुसरी शंका: मग हा प्लॅस्टिकचा पत्राच का समजू नये, ३९२१? नमुना काढा आणि प्रयोगशाळेत पाठवा.

इकडे कंटेनरचं भाडं रोज चढत होतं, आणि आयातदार दिवसातून तीनदा फोन करत होता. "अहो, कापड आहे ते, हात लावून बघा ना!" मी म्हटलं, "शेठ, हात लावायला ते इथे आहेत कुठे?"

रोल कापड राहत नाही तो कधी?

कापड म्हणून आलेला माल किती वेळ कापड राहतो? चौकोनी तुकडे केले तरी ते कापडच. पण चौकोनाखेरीज दुसऱ्या आकारात कापलं, दुमडून शिवण घातली, चिकटवून काही तयार केलं, की ती तयार वस्तू होते आणि पत्ता बदलतो. म्हणून मास्क ६३०७ मध्ये गेला. डॉक्टरांचा डोक्यापासून पायापर्यंतचा पीपीई झगा ६२१० मध्ये गेला, कारण त्या शीर्षकात ५६०३ च्या कापडाच्या कपड्यांचा उल्लेखच आहे. १९ मार्च २०२० ला सरकारने मास्कबरोबर मास्कच्या कापडाच्याही निर्यातीवर बंदी घातली, तेव्हा हे आकडे पहिल्यांदाच वर्तमानपत्रांत झळकले. माझ्या ओळखीचे लोक पहाटे फोन करून विचारत होते की आमचा रोल यात येतो का.

लहान मुलांचे डायपर आणि सॅनिटरी पॅड यांना ९६१९ हे स्वतंत्र घर आहे. आत कापूस आहे की नॉनवोव्हन, बघायचंच नाही. ओले वाइप्स आणखी वेगळे. त्यात कापड फक्त वाहक असतं, खरा माल म्हणजे त्यात भिजवलेलं सुगंधी किंवा साबणाचं द्रव्य. प्रसादाचा द्रोण आणि प्रसाद यांत आपण जो फरक करतो, तोच. म्हणून ते सौंदर्यप्रसाधनांच्या ३३व्या नाहीतर साबणाच्या ३४व्या प्रकरणात जातात.

पावसाळ्याआधी गच्चीवर गॅसच्या बर्नरने तापवून काळी चादर अंथरतात, तिच्या पोटातही बऱ्याचदा पॉलिस्टरचं नॉनवोव्हन असतं. पण ते डांबरात पुरतं बुडालेलं. तिची भजी झालेली असते, पत्ता ६८०७. काचेच्या तंतूंचं असेल तर ते कापडाच्या विभागात पाऊलही ठेवत नाही, काचेबरोबर ७०१९ मध्ये बसतं.

पाव ग्रॅमचा काटा

५६०३ मध्ये पोहोचल्यावर दोन प्रश्न उरतात. पहिला: तंतू अखंड मानवनिर्मित तारांचे आहेत की दुसरे कुठले? स्पनबॉन्ड अखंड तारांचं, म्हणून त्याचा पाचवा आकडा १. स्पनलेस बहुधा आखूड तंतूंचं, त्याचा ९. दुसरा प्रश्न वजनाचा. चौरस मीटरला किती ग्रॅम, म्हणजे जीएसएम. पायऱ्या चार: २५ पर्यंत, २५ च्या वर ७० पर्यंत, ७० च्या वर १५० पर्यंत, आणि त्याहून जड. आपल्या कंटेनरमधला पन्नासचा माल ५६०३१२.

जीएसएम काढणं सोपं आहे. दहा सेंटीमीटर बाय दहा सेंटीमीटरचा तुकडा कापा, सोनाराच्या काट्यासारख्या नाजूक काट्यावर ठेवा, आलेल्या ग्रॅमना शंभराने गुणा. ०.२५ ग्रॅम भरला तर २५, पहिली पायरी. ०.२६ भरला तर दुसरी. एक शतांश ग्रॅम. रोलच्या मधला तुकडा आणि कडेचा तुकडा यांच्यात एवढा फरक सहज पडतो. म्हणून शहाणा आयातदार काठावरचा माल मागवतच नाही, किंवा कारखान्याकडून रुंदीभर घेतलेल्या वजनांचा दाखला आधीच मागून ठेवतो.

"दर सारखाच असेल तर एवढा काथ्याकूट कशाला?"

आधी दर वेगळे असले तर काय होतं ते बघू. आकडे समजण्यापुरते घेतो. माल दहा लाखांचा. मूळ सीमाशुल्क १० टक्के धरलं तर १ लाख, त्यावर दहा टक्के समाजकल्याण अधिभार १० हजार. शुल्क २० टक्के असतं तर २ लाख आणि २० हजार. फरक १ लाख १० हजारांचा. या सगळ्यावर जीएसटी लागतो तो वेगळा, पण नोंदणीकृत व्यापाऱ्याला त्याचं क्रेडिट, म्हणजे पुढच्या करातून वजावट, मिळतं. सीमाशुल्काचं क्रेडिट मिळत नाही. ते मालाच्या किमतीत मुरतं आणि शेवटी चादर घेणाऱ्या हॉस्पिटलच्या, म्हणजे पेशंटच्या बिलात उतरतं.

आणि दर अगदी सारखे असले तरी आकड्याला इतर गोष्टी टांगलेल्या असतात. दुसऱ्या देशाशी केलेल्या करारातली सवलत आकडा बघून मिळते. परदेशी माल फार स्वस्तात ओतला जाऊ नये म्हणून डम्पिंगविरोधी शुल्क लावतात, त्याच्या अधिसूचनेत आकडे असतात. जिओटेक्स्टाइल (रस्ते, बंधारे यांच्या मातीत घालायचं कापड), वैद्यकीय वापराचं कापड अशा काही मालाला बीआयएसचा, म्हणजे भारतीय मानक ब्युरोचा, शिक्का सक्तीचा आहे. तो कुणाला लागतो हे शोधायलाही अधिकारी आधी आकड्याकडेच बघतो. शुल्क भरून माल सुटतो, शिक्का नसेल तर सुटत नाही.

"बाजारात लोक जे म्हणतात तेच धरा ना!"

हा आक्षेप मनापासूनचा असतो, आणि कोर्टांनीही तो उडवून लावलेला नाही. १९७८ मध्ये सर्वोच्च न्यायालयापुढे कागदाच्या गिरणीत लागणाऱ्या ड्रायर फेल्टचा प्रश्न आला: हे टेक्स्टाइल आहे का? न्यायालय म्हणालं, आहे. कपडे शिवायला वापरत नाहीत म्हणून ते कापड नाही असं होत नाही, आणि कापड करण्याच्या रीती काळाबरोबर बदलतात. १८ डिसेंबर २०२४ ला खोबरेल तेलाचा निकाल लागला. छोट्या बाटलीतलं शुद्ध खोबरेल खाद्यतेल की केसांचं तेल? तुमच्याआमच्या घरात ती बाटली न्हाणीघराच्या फळीवर असते. तरी न्यायालयाने सांगितलं की केवळ बाटली लहान आहे म्हणून ते केसांचं तेल ठरत नाही.

थोडक्यात, यादीने स्वतः एखाद्या शब्दाचा अर्थ सांगितला नसेल तर बाजाराचा अर्थ चालतो. सांगितला असेल तर बाजाराने बाजूला व्हायचं. नॉनवोव्हनच्या बाबतीत टिपा इतक्या बारीक आहेत की बाजाराला बोलायला जागाच उरत नाही. पाठवणारा "कोटेड फॅब्रिक" लिहितो, शिंपी कॉलरमधल्या कडक अस्तराला "बकरम" म्हणतो, भिवंडीत सरसकट "नॉनवोव्हन" चालतं. कस्टम यांतलं काही विचारत नाही. ते विचारतं: कशाचं केलं, कसं केलं, वर काय चढवलं, कुठल्या बाजूला, आणि दिसतं का?

"आकडा चुकला तर मी चोर ठरतो का?"

नाही. पण आकडा टाकायची जबाबदारी मात्र तुमची. २०११ पासून आयातदाराने स्वतःच वर्ग आणि शुल्क ठरवून भरायचं, खात्याने ते तपासायचं, अशी पद्धत आहे. खातं तुमचा आकडा बदलू पाहत असेल तर तो का चूक आहे हे दाखवण्याचं ओझं खात्यावर, हेही सर्वोच्च न्यायालयाने सांगून ठेवलंय. प्रामाणिक मतभेदात कमी भरलेलं शुल्क साधारणपणे दोन वर्षं मागे जाऊन मागता येतं. माहिती दडवली, खोटं लिहिलं असं निघालं तर पाच वर्षं, आणि वर शुल्काएवढा दंड. म्हणून मी आयातदाराला एकच गोष्ट बजावतो: आकड्यात चुकलात तर एक वेळ परवडेल, वर्णनात चुकू नका. "फॅब्रिक" एवढंच लिहू नका. पॉलीप्रॉपिलीन, स्पनबॉन्ड, इतके जीएसएम, अमुक बाजूला अमुक थर, सगळं लिहा. ज्याने सगळं लिहिलं त्याने दडवलं असं म्हणणं अवघड जातं.

माल मोठा असेल, दर महिन्याला येणार असेल, तर आधीच विचारून घेता येतं. २०२१ पासून मुंबई आणि दिल्लीत कस्टमचं आगाऊ निर्णय देणारं प्राधिकरण आहे. नमुना, कागद, प्रश्न घेऊन जा. ते सांगतात आकडा कुठला, आणि तो निर्णय काही वर्षं चालतो. लहान व्यापारी तिथे सहसा जात नाही. पहिला कंटेनर अडकल्यावर जातो.

त्या रोलचं काय झालं

नमुना काढायला मीच गेलो होतो. रोलच्या टोकाचा मीटरभर तुकडा कापला, त्याचे भाग करून पाकिटांत घातले, सही, शिक्का, लाख. एक तुकडा अधिकाऱ्याने खिडकीकडे धरला. एका अंगाने ठिपके स्पष्ट दिसत होते, दुसऱ्या अंगाने फिल्मच्या चकाकीखाली दबलेले. त्याने नखाने कोपरा खरवडला, फिल्म सालपटासारखी सुटली, खालची जाळी मोकळी झाली. तो काही बोलला नाही. पाकिटावर प्रश्न लिहिले: घटक कुठले, तंतू अखंड की आखूड, जीएसएम किती, लेप एका बाजूला की दोन्ही, नुसत्या डोळ्यांनी दिसतो का.

अहवाल आला तो एका पानाचा. वर्णन चार ओळींचं. चौथ्या ओळीत "एका पृष्ठभागावर" असे शब्द होते. दुसऱ्या दिवशी ५६०३१२ कायम झालं, ट्रक लागला. आयातदाराने कंटेनरच्या चढलेल्या भाड्याचं बिल बघितलं आणि मला विचारलं, "पुढच्या वेळी इन्व्हॉइसवर 'एका बाजूला' एवढं लिहिलं असतं तर?"

पुढची ऑर्डर त्याने माझ्यासमोर बसूनच टाइप केली.